आगरदांड्याच्या भिंतीवरचं माझं वेबपान

आमच्या धंद्यातली माणसं प्रवासाला जात नाहीत. वेबसाइटचा दिसणारा भाग बांधणं हा आमचा धंदा. गिऱ्हाईक कुठल्याही गावचं असो, आम्ही लॅपटॉपवरची खिडकी ओढून अरुंद करतो, "हा झाला फोन" म्हणतो आणि चहा प्यायला उठतो. पंधरा वर्षं मी असाच जगभर फिरलो. पुण्यात माझ्या खुर्चीला चाकं आहेत, तेवढाच काय तो प्रवास.

आगरदांड्याला जावं लागलं ते शकीलाखालाच्या फोनमुळे. खाला म्हणजे माझ्या आईची बालमैत्रीण. दोघी मुरूडच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर होत्या, आणि चिंचेवरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. आगरदांड्याच्या धक्क्यापासून पाच मिनिटांवर खालाचं घर आहे. दिघीहून बोटीने येणारे प्रवासी तिच्या पडवीत जेवतात. मागल्या दिवाळीत आईने फर्मान काढलं, "तिला एक वेबसाइट करून दे. एवढं शिकलास त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे." मी करून दिली आणि फार छान झाली, असं माझंच मत होतं.

तीन महिन्यांनी खालाचा फोन आला.

"बेटा, वेबसाइट लय सुरेख हाय. बघनारा खूश होतो. फकस्त ती झाल्यापास्नं कोन जेवायला येत न्हाय."

मी हसलो. ती हसली नाही.

आधी तिचं टेबल रोज दुपारी भरायचं. आता दिवसाला दोन माणसं, तीही वाट चुकलेली. तिचा मुलगा इम्तियाज कुवेतला असतो. तो वर्षभर मागे लागला होता, अम्मी, चूल बंद कर आणि इकडे ये कायमची. "इतवारी दुपारी फोन करनार हाय तो," खाला म्हणाली. "तवर येकदा तरी टेबल भरलं तर र्‍हाईन. न्हाय भरलं तर जाईन. मी जबान दिलीय. रिकाम्या ताटांसमोर बसून काय करू?"

मी लॅपटॉपवर खिडकी ओढली, अरुंद केली, पुन्हा रुंद केली. सगळं झकास दिसत होतं. आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बॅग भर."

गुरुवार, दिघी ते आगरदांडा

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा हे सगळं मी वगळतो, कारण तेवढा वेळ आई माझ्या गाडी चालवण्यावर बोलत होती. दिघीला जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवली आणि आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. उजवीकडे हिरवे डोंगर, डावीकडे लांब जंजिरा, मध्ये खाडीचं चकचकीत पाणी. मी आईला म्हटलं, "जरा तुझ्या फोनवर खालाची वेबसाइट उघड."

आईने फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. तिच्या फोनवर एक संदेश वाचायला तीनदा सरकवावं लागतं. पान उघडलं आणि तिने मान तिरकी केली. "अरे, 'घरगुती जेवण' हे सुरमईच्या तोंडात गेलंय."

गेलं होतं खरं. मथळ्याच्या चौकटीची उंची मी पिक्सेलमध्ये बांधून टाकली होती. अक्षरं फुगली तशी ती चौकटीतून उतू गेली आणि खालच्या फोटोतल्या तळलेल्या माशावर सांडली. उंची कधी बांधू नये, 'किमान एवढी' म्हणून सोडून द्यावी, हे मी ऑफिसात नवख्यांना शिकवतो. स्वतः मात्र बांधली होती, कारण लॅपटॉपवर ती फार रेखीव दिसत होती.

दुसरी गंमत उन्हाने केली. मजकुराला मी नाजूक राखाडी रंग दिला होता, पांढऱ्यावर राखाडी. पुण्यात पडदे ओढलेल्या खोलीत तो अगदी उच्चभ्रू दिसतो. बोटीवर दुपारी बारा वाजता तो दिसतच नाही. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, त्याच्या सावलीत फोन धरला आणि विचारलं, "इथे काही लिहिलंयस का, की ही जागा रांगोळीसाठी सोडलीस?"

मी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि काम सुरू केलं. चौकटींची मापं पिक्सेलवरून रेममध्ये नेली, म्हणजे माणसाने फोनवर जो आकार निवडला असेल त्याच्या हिशेबाने सगळं लहानमोठं होतं. उंची मोकळी केली. राखाडीचा काळा केला. बॉनेट तापलेलं होतं, लॅपटॉपही तापला, आणि शेजारच्या टेम्पोतल्या कोंबड्या माझं सगळं काम बघत होत्या. बोट लागली तेव्हा माझा एक सँडल गाडीच्या चाकाखाली होता. तो कसा गेला हे अजून कळलेलं नाही.

धक्क्यावर उतरलो आणि मी जागीच थांबलो. तिकिटाच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर माझी वेबसाइट लावलेली होती. कागदावर छापलेली, लॅमिनेशन केलेली, चार खिळ्यांनी ठोकलेली. वर खालाचा हसरा फोटो, खाली सुरमई, मग माझे ते गोल कोपऱ्यांचे चौकोन. माझं काम मी आजवर कधी हाताने चाचपलं नव्हतं. मला भरूनच आलं.

समोर चहाची टपरी होती. टपरीवाले रामदासदादा म्हणाले, "ह्ये तुमीच केलंत व्हय? आमच्याकडं सगळं असंच असतंय. बोटीचं टाइम, लायटीचं बिल भरायची तारीक, लग्नाची पत्रिका. फोनवर आलं का छापायचं, पल्याष्टिक घालायचं आन् ठोकायचं. हितं रेंज जाते, खिळा जात न्हाय."

"तुम्ही ठोकलंत का?"

"व्हय. बघा की, येकबी खिळा वाकडा न्हाय."

मी त्या कागदाशेजारी उभं राहून सेल्फी काढला, 'आपलं काम गावोगावी' असं लिहून ऑफिसच्या गटावर टाकला आणि एका सँडलवर खालाच्या घरी गेलो.

शुक्रवार, खालाची पडवी

खालाच्या पडवीत एक लांब टेबल आहे. त्याभोवती बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि टोकाला हातांची एक लाकडी. त्या लाकडीवर मी सकाळी बसायला गेलो तर आईने माझी कॉलर धरून मला उठवलं. ती इम्तियाजची खुर्ची. तो सहा वर्षांपूर्वी कुवेतला गेला, तेव्हापासून तिच्यावर कोणी बसत नाही. टेबल भरलं तर पाहुणा पायरीवर बसतो, पण तिथे नाही. आमच्या पुण्यात माणूस पाणी प्यायला उठला तरी त्याची खुर्ची जाते, त्यामुळे मला हे नवीन होतं.

नाश्त्याला सांदणं होती, तांदळाची, वाफवलेली, गोडसर. मी मोजून दोन खाणारा माणूस, सहा खाल्ली आणि मग काम करायला बसलो.

खालाचा फोन जुना, काचेला तडा. त्यावर पान उघडलं आणि तळाचं 'फोन करा' हे हिरवं बटण गायब! लॅपटॉपवरच्या नकली फोनमध्ये ते ठणठणीत दिसत होतं. हा रोग मला ठाऊक होता. पानाला मी 'स्क्रीनभर उंच हो' असं सांगितलं होतं. पण खऱ्या फोनवर ब्राउझरची पट्टी स्क्रीनचा एक तुकडा खाते आणि तळातलं बटण तेवढं काठाखाली बुडतं. त्यासाठी आता नवं माप मिळतं, डीव्हीएच नावाचं. पट्टी येईल-जाईल तसं तेही कमीजास्त होतं. मी ते घातलं. बटण वर आलं.

"सापडलं!" मी ओरडलो. "खाला, लोकांना फोन करायचं बटणच दिसत नव्हतं!"

"पन बेटा, मला आधीबी कोन फोन करायचं न्हाय," खाला मासे साफ करता करता म्हणाली. "लोक धक्क्यावर उतरायचे आन् चालत यायचे."

मी तरीही नेटाने शोधत राहिलो. कुठली चौकट कुठे कलंडते ते बघायला आमच्यात एक गावठी औषध आहे, पानावरच्या प्रत्येक गोष्टीला लाल रेघ मारायची. मी मारली, तपासलं, दोन चुका काढल्या, आणि रेघा पुसायच्या विसरून पान तसंच चढवलं. अर्ध्या तासात कुवेतहून इम्तियाजचा फोन. "अम्मी, तुझ्या वेबसाइटला गोवर आलाय का? सगळीकडे लाल लाल दिसतंय." आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजामुळे खालाची चूल दुपारनंतर पेटते. त्यासाठी मी पानाच्या माथ्यावर एक मोठी ओळ करून ठेवली होती, 'आज खाणावळ बंद आहे'. एरवी ती लपलेली असते. खालाने फोनवर एक बटण दाबलं की दिसते, पुन्हा दाबलं की जाते. "ह्ये कसं करतोस?" तिने विचारलं. समोर ताटं मांडलेली होती, म्हणून मी त्यांच्यावरच दाखवलं.

"लपवायच्या दोन पद्धती आहेत, खाला. पहिली डिस्प्ले नन." मी मधलं एक ताट उचललं आणि बाकीची एकमेकांजवळ सरकवली. "ताट गेलं, जागाही गेली. शेजाऱ्यांना पत्ताही नाही. दुसरी व्हिजिबिलिटी हिडन." मी ताट उचललं आणि फट तशीच ठेवली. "ताट दिसत नाही, पण जागा त्याचीच. दुसरं कोणी तिथे सरकत नाही."

खालाने फटीकडे बघितलं, मग टेबलाच्या टोकाकडे बघितलं.

"मंजे ती खुर्ची दुसऱ्या जातीची," ती म्हणाली आणि आत भाकऱ्या करायला गेली. पंधरा वर्षांत हा फरक मी शेकडो लोकांना समजावला असेन, पण कुणी आपल्या घरातलं उदाहरण दिलं नव्हतं.

त्या दिवशी जेवायला आम्ही तिघंच होतो. कोळंबीचं कालवण अफाट होतं आणि आजूबाजूला दहा खुर्च्या रिकाम्या. असं कालवण ज्या घरात होतं तिथली चूल माझ्यामुळे विझणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं. भूक मात्र कमी झाली नाही.

शनिवार, धक्का आणि मुरूडचा बाजार

बारा वाजेपर्यंत दोन बोटी रिकाम्या झाल्या. पडवीत कोणी फिरकलं नाही. खालाने कपाटावरची मोठी बॅग खाली काढून उन्हात ठेवली, नुसती वारा लागायला, असं ती म्हणाली. आई तिच्याशी चिंचेवरून भांडायला गेली. दोघी भांडल्या नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मी धक्क्यावर जाऊन बसलो. ठरवलं की आता स्क्रीनकडे नाही, माणसांकडे बघायचं. तिसऱ्या खेपेला एक जोडपं स्कूटरवरून आलं. दोघं उरणचे, तिकडे कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरवर नवरा ड्रायव्हर. दिघीला जाऊन उद्या परतायचं होतं. बोटीला वेळ होता आणि नवरा पोटावर हात फिरवत होता.

मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "इथे शकीलाखालाकडे जेवण छान मिळतं."

"माहितीये ना भाऊ," तो म्हणाला. "मागच्या साली जेवलो होतो. एकदम कडक! पण आता बंद आहे ना ते."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं काय? भिंतीवर लिहिलंय. दोन महिन्यांपूर्वी आलो तेव्हापण लिहिलेलं."

मी भिंतीकडे गेलो. खालाच्या फोटोच्या वर, माथ्याला, ठळक अक्षरांत, बोटाएवढ्या जाडीत छापलं होतं: 'आज खाणावळ बंद आहे'.

मी खिशातून फोन काढून गुरुवारचा सेल्फी बघितला. त्या ओळीवर बरोबर माझं डोकं होतं.

ही ओळ लपवण्याचा नियम मी लिहिला होता, पण फक्त स्क्रीनपुरता. नियमाच्या वर 'मीडिया स्क्रीन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कागद म्हणजे स्क्रीन नव्हे. पान छापायला घेतल्यावर ब्राउझरने माझा नियम इमानेइतबारे बाजूला ठेवला आणि लपलेली ओळ बाहेर काढली. छापील पानासाठी वेगळे चार नियम लिहायचे असतात. मी कधीच लिहिले नाहीत, कारण आजकाल छापतं कोण? बरं, छापल्यावर कसं दिसेल ते लॅपटॉपवरच बघता येतं, त्याला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट मी पंधरा वर्षांत काढलं नव्हतं. आणि एरवी 'आज' हा शब्द संध्याकाळी संपतो. प्लास्टिकमध्ये घातलेला 'आज' तीन महिने रोज उगवत होता.

पुण्याचा माणूस कोकणात येऊन सगळ्यात आधी काय लावून गेला, तर 'बंद आहे'ची पाटी. रक्तातच आहे, त्याला काय करणार?

"दादा, तुम्ही हे वाचलं नाहीत?" मी रामदासदादांना विचारलं.

"मी खिळं बघितलं," ते म्हणाले. "आन् खाला चालू हाय त्ये मला म्हाईत हाय की. वाचायचं कशाला?"

खालाला बोलावून आणलं. तिने पदराने कागद पुसला, वाचलं आणि कपाळावर हात मारला. "लावला तवा मी बघितला व्हता रे. फोटो कसा आलाय त्येवढंच बघितलं." म्हणजे तिने फोटो बघितला, दादांनी खिळे, मी माझे गोल कोपरे. वाचलं फक्त भुकेल्या माणसांनी. मी उरणच्या त्या गृहस्थाचे दोन्ही हात धरले आणि उद्या येताना जेवायला याच, अशी गळ घातली. तो जरा घाबरला, पण हो म्हणाला.

मग मी आईला घेऊन मुरूडला धावलो. बाजारात किरीटभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. भाई मशीनमागून गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "अरे, ए बंदवाळा कागद? मेंच छाप्या ना! मला वाटला, खालाने पोते, म्हंजे स्वतःच, लिहून घेतला. कस्टमर जे आपे ते छापायचा, आपण वाचायचा नाय."

मी तिथेच स्टुलावर बसून छापील पानाचे नियम लिहिले. बंदची ओळ काढ, बटणं काढ, कारण कागदावर दाबून काही होत नाही. पत्ता मोठा कर, सुरमईचे दोन पानांत दोन तुकडे होऊ देऊ नकोस. प्रिंट सुंदर आली. भाईंनी ती लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातली आणि लाइट गेली. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर.

"हवे काल सवारे," भाई म्हणाले, म्हणजे आता उद्या सकाळी. मग आठवून म्हणाले, "काल तो रविवार. दुकान बंद."

मी रस्त्यात उभ्या उभ्या केस उपटायच्या बेतात होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "जुनाच कागद राहू दे. चल धक्क्यावर."

भिंतीसमोर उभं राहून तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. मोठ्या, लाल, चंदेरी काठाच्या टिकल्या, लग्नात लावायच्या. तिने 'बंद'वर शेजारी शेजारी चार चिकटवल्या, एक पाऊल मागे सरकून बघितलं आणि कोपऱ्यात पाचवी नुसती शोभेला लावली.

आता कागद म्हणत होता, 'आज खाणावळ' मग चार टिकल्या, मग 'आहे'.

"ही कुठली पद्धत रे?" आईने विचारलं.

"व्हिजिबिलिटी हिडन," मी म्हणालो. "शब्द गेला, जागा राहिली."

"मी पंधरा वर्षं शिकले नाही हो," आई म्हणाली. खाला टपरीच्या बाकावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. तिथून घरी गेल्यावर तिने बॅग उन्हातून उचलली, पण कपाटावर ठेवली नाही, दारातच ठेवली.

रविवार, टेबल

खालाने सकाळी नेहमीसारखा बारा माणसांचा भात टाकला. अकरापर्यंत कोणी नाही. मी दर पाच मिनिटांनी अंगणात जाऊन रस्ता बघत होतो. साडेअकराला पहिले चारजण आले, हसतच. "त्या टिकल्यांची खाणावळ हीच ना?" मग एक कुटुंब आलं, पाचजणांचं. मग कॉलेजच्या तीन मुली. त्यांनी कागदाचा फोटो काढला होता.

बारा खुर्च्या भरल्या. आई भाकऱ्या वाढत होती, मी पाणी देत होतो. एका मुलीच्या वाटीत मी सोलकढीऐवजी ताक ओतलं. खाला बोंबलाचा घाणा काढत होती आणि दर खेपेला बाहेर येऊन माणसं बघून जात होती. अट पुरी झाली होती, पण दारातली बॅग तिने हलवली नव्हती. मला वाटलं, तिने जायचं आधीच ठरवून टाकलंय.

एवढ्यात स्कूटर वाजली. उरणचे ते नवराबायको, दिघीहून परतलेले. मुलींनी सरकून बायकोला आपल्यातच घेतलं. नवरा उभा राहिला, इकडेतिकडे बघत, आणि स्वतःच म्हणाला, "मी पायरीवर बसतो, काय वांदा नाय."

खाला हातात झारा घेऊन दारात उभी होती. तिने टेबलाच्या टोकाला असलेली ती लाकडी खुर्ची धरली, ओढून बाहेर काढली, पदराने पुसली.

"हितं बस," ती म्हणाली.

आई भाकरी हातात घेऊन थांबली. मी तांब्या धरून थांबलो. गृहस्थ बसला, त्याला काही कल्पना नव्हती, आणि त्याने थेट सुरमईला हात घातला.

दोन वाजता फोन वाजला. खालाचे हात पिठाचे, म्हणून आईने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला.

"अम्मी, काय ठरवलंस?"

"टेबल भरलंय," खाला म्हणाली. "मी येत न्हाय रे बेटा." मग तिने एका दमात सांगून टाकलं, "आन् तुझी खुर्ची मी दिली. येका मेहमानाला."

मग इम्तियाज म्हणाला, "आणि मी आलो तर?"

"तू ये," खाला म्हणाली. "तू आलास का उठवीन त्याला."

उरणच्या गृहस्थाचा घास हातातच राहिला. त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा खालाकडे.

"मावशी," त्याने विचारलं, "कधी येतोय तो?"

"तू आधी जेव," खाला म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक तुकडी वाढली.